तात्यारावांचा कोकण दौरा

चंदननगरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, तात्यारावांनी सुनेच्या ऑफिसचा एक कागद उलटा घातला, पट्टीने त्यावर पाच रकाने आखले आणि पहिल्या ओळीत लिहिले, ‘पुणे (चंदननगर), सुटण्याची वेळ ०५.३०.’ चालकाच्या रकान्यात त्यांनी मुलाचे, प्रज्ञेशचे नाव घातले आणि वाहकाच्या रकान्यात स्वतःचे. सून मैत्री आणि बायको इंदुबाई यांची नोंद ‘प्रवासी, २’ अशी एकत्रच झाली. शेवटचा रकाना शेऱ्यासाठी मोकळा ठेवला.

मैत्री पुण्यात जन्मलेली आणि वाढलेली. तिने कागद वाचला आणि अगदी नम्रपणे विचारले, “बाबा, प्रवाशांना तक्रार करायची असेल तर वही कुठे मिळते?”

“नियंत्रण कक्षात मागा लागते,” तात्याराव मान वर न करता म्हणाले.

तात्याराव एकतीस वर्षे भंडाऱ्याच्या एसटी आगारात होते, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत नीटशी पोचली नव्हती. घरातले कोणी बाहेर पडले की ते अजूनही घड्याळ पाहत आणि परतल्यावर किती मिनिटे उशीर झाला ते सांगत. अशा माणसाला चार दिवस गाडीत घेऊन कोकण फिरवायचे हे प्रज्ञेशने ठरवले, तेव्हा तो पुरता शुद्धीवर होता का, असा प्रश्न मैत्रीला पडला होता. तिने तो विचारलाही होता.

पण प्रज्ञेशचे कारण पक्के होते. दिवाळीत फोनवर बोलता बोलता इंदुबाई त्याला म्हणाल्या होत्या, “आपल्याकडं तलाव लय आहेत रे. पन कोनत्याबी तलावाच्या काठावर उभं राह्यलं तं समोर दुसरं गाव दिसते. मले एक डाव असं पानी पाहाचं आहे का ज्याले पल्याड गावच नाही.” जन्मभरात आईने त्याच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. एरवी तिचे मागणे जेवलास का, एवढ्यावर संपायचे.

प्रज्ञेश खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. सात महिन्यांत त्याने एकही सुट्टी घेतली नव्हती. दिवाळीनंतर त्याने आईवडिलांना पंधरा दिवसांसाठी पुण्याला बोलावले, गुरुवार आणि शुक्रवारची रजा मागितली, आणि त्याचे मॅनेजर दत्तप्रसाद यांनी फोन चालू ठेवण्याच्या बोलीवर ती दिली. सोमवारी तो ऑफिसात हवा होता, आणि सोमवारीच आईवडिलांची परतीची गाडी होती. म्हणजे समुद्र दाखवायला गुरुवार ते रविवार एवढेच दिवस. पुढचा योग कधी ते कोणालाच सांगता येत नव्हते, कारण इंदुबाईंचे गुडघे दर वर्षी थोडे थोडे संप पुकारत होते.

त्याने ऑफिसातल्या प्रिंटरवर नकाशा छापून घेतला होता. ताम्हिणी घाटातून माणगाव, तिथून श्रीवर्धन, मग हरिहरेश्वर, मग गाडी बोटीवर चढवून खाडीपलीकडे, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने दापोली. नकाशावर समुद्र सतत उजव्या हाताला होता. चुकवू म्हटले तरी चुकणार नाही असा तो रस्ता होता.

गुरुवारी गाडी पाच बावन्नला सुटली. इंदुबाई सांबारवड्यांचा डबा वरच विसरल्या होत्या. कोथिंबिरीला भंडाऱ्याकडे सांबार म्हणतात हे प्रज्ञेशने आठ वर्षांत पुण्यातल्या लोकांना निदान शंभर वेळा समजावले असेल, आणि तरीही दर वेळी कोणीतरी वडीबरोबर इडली शोधायचेच. बावीस मिनिटांच्या उशिराची नोंद शेऱ्याच्या रकान्यात झाली आणि जुनी सँट्रो निमूटपणे निघाली.

माणगावला प्रज्ञेशचा थांबण्याचा विचार नव्हता, पण एसटी स्टँड दिसताच तात्यारावांनी हात वर केला. “आगार लागलं आन् गाडी थांबली नाही, असं माह्या नोकरीत कधी झालं नाही,” ते म्हणाले. चहा घेऊ आणि निघू, असे ठरले. तात्याराव चहा न घेताच नियंत्रण कक्षाकडे गेले आणि दहा मिनिटांनी खाकी कपड्यातल्या एका हडकुळ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून परत आले.

हा रतन मेश्राम. साकोलीचा पोरगा, श्रीवर्धन आगारात ड्रायव्हर. विदर्भातून भरती झालेल्या पुष्कळ पोरांना कोकणात नेमणूक मिळाली होती, त्यातलाच तो एक. चार वर्षांत आपल्या जिल्ह्याचा माणूस त्याने पाहिला नव्हता असे नाही, पण आपल्या जिल्ह्याचा म्हातारा माणूस पाहिला नव्हता. त्याने इंदुबाईंना वाकून नमस्कार केला. माझ्या खोलीवर जेवल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही, असे तो म्हणाला. परक्या मुलखात राहणाऱ्या आपल्याकडच्या पोराला नाही म्हणायचे नसते, हे सँट्रोतल्या चौघांनाही मान्य होते. श्रीवर्धनला जायचेच होते, त्यामुळे प्रज्ञेशनेही मान डोलावली. पुढच्या चार दिवसांत त्याला या मान डोलावण्याची वारंवार आठवण आली.

रतनची बस पावणेबाराला सुटणार होती. तात्यारावांनी ठरवले की आपण तिच्या मागोमाग जायचे, म्हणजे रस्ता चुकायचा नाही. रस्ता एकच आहे, असे प्रज्ञेशने सांगून पाहिले. मग दोन तास स्टँडवर काढून सँट्रो बसच्या मागे निघाली, आणि बस जिथे जिथे थांबली तिथे तिथे थांबली.

“बाबा, बस प्रवासी घेते म्हणून थांबते. आपण का थांबायचं?”

“पुढची गाडी उभी आहे तोवर मागची काढाची नाही.”

एका थांब्यावर बसमध्ये जागा न मिळालेले एक आजोबा गाठोडे घेऊन सरळ सँट्रोपाशी आले आणि म्हसळ्याला जायचे म्हणाले. जागा असताना प्रवासी नाकारता येत नाही, असे तात्यारावांनी सांगितले. आजोबा इंदुबाई आणि मैत्रीच्या मध्ये बसले आणि म्हसळ्यापर्यंत गाठोड्यातला सुक्या मासळीचा वास गाडीभर फिरला. तात्यारावांनी प्रवासी संख्या खोडून तीन केली.

श्रीवर्धनला रतनच्या खोलीवर पोचायला अडीच वाजले. त्याची बायको श्यामला हिने घाईघाईने झुणका केला होता, त्यात इंदुबाईंच्या वड्यांची भर पडली. खोलीच्या मागे नारळीपोफळीच्या बागा आणि त्यांच्या मागे, चालत पंधरा मिनिटांवर, समुद्र. प्रज्ञेशने जेवताना दोनदा घड्याळ पाहिले. चारला निघू, ऊन उतरले की आईला पाण्यात पाय बुडवू दे, मग सूर्यास्त. असा सगळा बेत त्याने मनात मांडला होता.

चार वाजता दारात आठ जण उभे होते. कोणी तुमसरचा, कोणी पवनीचा, कोणी गोंदियाचा, सगळे ड्रायव्हर नाहीतर कंडक्टर. रतनने आगारात नुसते ‘आपले तात्याराव आले आहेत’ एवढेच सांगितले होते, पण त्या आठ जणांना घराकडची बदली हवी होती आणि ती हवी असलेल्या माणसाला कोणीही साहेब दिसतो. तात्याराव म्हणाले की मी निवृत्त माणूस. मोठी माणसे असेच बोलतात हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या आणि कोणी हलले नाही.

“साहेब, तिकडं गेल्यावर फक्त एक शब्द टाका,” रतन म्हणाला.

तात्यारावांनी चष्मा सारखा केला. एकतीस वर्षांत समोर आलेल्या माणसाला त्यांनी जो प्रश्न विचारला होता तोच आपोआप तोंडातून आला. “अर्ज आहे का?”

अर्ज कोणाकडेच नव्हता. तात्यारावांनी प्रज्ञेशकडे पाहिले. “माहा पोरगा लिहून देते. काम्पुटरमधे आहे तो.”

काम्पुटरमध्ये असण्याचा आणि हाताने अर्ज लिहिण्याचा काय संबंध, हे आठही जणांनी विचारले नाही. कोणीतरी फूलस्केप कागद आणले, कोणीतरी पेन दिले, आणि प्रज्ञेश मांडी घालून लिहू लागला. ‘मा. विभाग नियंत्रक यांसी. विषय, विनंती बदलीबाबत.’ शाळेनंतर त्याने एवढे मराठी एकदम लिहिले नव्हते. प्रत्येक जण आपली हकिगत सांगायचा, ती दोन ओळींत बसवायची, आणि तात्याराव ती तपासून एखादे ‘सदरहू’ वाढवायला लावायचे. पहिल्या अर्जाच्या वेळी ऊन खिडकीत होते. प्रज्ञेशने आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडून सांगितले, “आई, दहा मिनिटांत निघू.” आतून काही उत्तर आले नाही. पाचव्या अर्जाला ऊन भिंतीवर चढले आणि सातव्याला दिवा लावावा लागला.

बायका मागच्या दाराने आत आल्या तेव्हा अंधार पडला होता. श्यामलाच्या हातात पालेभाजीची पिशवी होती आणि इंदुबाईंच्या लुगड्याचे काठ ओले झाले होते. भाजी आणायला गेलो होतो, नळावर पाय धुतले, असे इंदुबाई म्हणाल्या. प्रज्ञेशला फार वाईट वाटले. एवढे पंधरा मिनिटांवर आणून आपण आईला भाजीला पाठवले.

“आई, उद्या नक्की,” तो म्हणाला.

“हो रे बापा. मले कुठं घाई आहे.”

मैत्रीने ‘ऐक ना’ म्हणून काहीतरी सांगायला सुरुवात केली, मग सासूकडे पाहिले आणि चहा घेणार का, असे विचारले. प्रज्ञेश हो म्हणाला. तेवढ्यात दत्तप्रसादांचा फोन आला आणि चहा गार झाला.

शुक्रवारी सकाळी सहालाच दाराबाहेर आणखी पाच जण होते. हे आदल्या संध्याकाळी ड्युटीवर होते, त्यांनी काय पाप केले होते, असे रतनने विचारले आणि ते बरोबरच होते. पाच अर्ज व्हायला साडेदहा वाजले. आता तरी किनाऱ्यावर जाऊ आणि मग बोटीने पलीकडे, असे प्रज्ञेश म्हणाला, तेव्हा तात्यारावांनी बोटीचे वेळापत्रक मागितले. रतनने खरे ते सांगितले. बोटीला वेळापत्रक नव्हते, ती गाड्यांनी भरली की सुटायची.

“भरली का सुटते?” तात्यारावांनी पुन्हा विचारले. त्यांच्या चेहऱ्यावर अशी वेदना उमटली की रतनने मान खाली घातली. “अशा गाडीत मी बसत नाही. महाडवरून चाला.”

म्हणजे किनारा सोडून, डोंगर चढून, महाड आणि मंडणगडवरून वळसा. अख्खा दिवस. शिवाय रतनने दापोली आगाराला आधीच फोन केला होता आणि तिथे लोक जेवायला थांबणार होते. प्रज्ञेशने निदान अर्धा तास समुद्रावर जाऊ म्हणून पाहिले. तात्याराव शांतपणे म्हणाले की दापोलीलाही समुद्र आहे, पाणी इथलेच तिथे जाते, मग लोकांना उपाशी कशाला ठेवायचे. इंदुबाईही म्हणाल्या की हो, लोक वाट पाहतात. प्रज्ञेशने गाडी सुरू केली. मागच्या सीटवर त्या आणि मैत्री कुजबुजत होत्या आणि मधूनच हसत होत्या. त्याला बरे वाटले. एवढा उशीर होऊनही आई मन रमवते आहे.

दापोलीला पोचायला साडेपाच वाजले. स्टँडवर अकरा जण हार घेऊन उभे होते. माणगावला जे तात्याराव होते ते श्रीवर्धनला साहेब झाले होते, आणि दापोलीपर्यंत ती बातमी घाट चढून आली तोवर ते बदल्यांच्या चौकशीसाठी दौऱ्यावर निघालेले मोठे साहेब झाले होते. हार गळ्यात पडला तेव्हा तात्यारावांनी मान किंचित वाकवली. नाही म्हणायला ती योग्य वेळ होती, आणि ती गेली.

त्या रात्रीची सोय कार्यशाळेतला मेकॅनिक योगेश आणि त्याची बायको अपेक्षा यांच्याकडे होती. योगेश चंद्रपूरचा. त्याने सँट्रो अंगणात शिरताना ऐकली होती आणि जेवताना तो अस्वस्थ होता. शेवटी त्याने सांगितले की साहेबांच्या गाडीचा आवाज बरोबर नाही.

“बरोबर आहे,” प्रज्ञेश म्हणाला.

“उघडून पाहा,” तात्याराव म्हणाले.

शनिवारी सकाळी आठ वाजता प्रज्ञेश बाहेर आला तेव्हा सँट्रोचे पोट अंगणात गोणपाटावर मांडलेले होते. योगेश आणि त्याचे दोन मित्र आदराने एकेक भाग पुसत होते. त्यांनी आजवर फक्त बसच उघडली होती, त्यामुळे सगळे फार लहान आहे असे त्यांना वाटत होते. दुपारपर्यंत जोडून देतो, असे योगेश म्हणाला. प्रज्ञेशने आईला बसने जवळच्या हर्णैच्या किनाऱ्यावर नेतो असे जाहीर केले, तर तात्यारावांनी चालकाला उघडी गाडी सोडून जाता येत नाही हा नियम सांगितला. हा नियम खरोखर असेल का याचा विचार करेपर्यंत फाटकाशी माणसे जमू लागली होती. मंडणगडहून दोघे सुट्टी टाकून आले होते. एकाने अर्जाबरोबर जोडायला आईचा फोटो आणला होता.

प्रज्ञेश पुन्हा मांडी घालून बसला. आता त्याला सवय झाली होती. त्याने मजकुराचा एक साचाच तयार केला होता, नाव, आगार, नोकरीची वर्षे, आणि मग कारण. कारणे फिरून फिरून तीच होती. लग्न जमत नाही. शेती पडीक आहे. आणि सर्वांत जास्त वेळा, ‘माझे वृद्ध आईवडील गावी एकटेच राहतात व त्यांच्याजवळ कोणीही नाही.’ हे वाक्य त्याने तीन दिवसांत एकोणीस वेळा लिहिले होते. विसाव्या वेळी पेन थांबले. भंडाऱ्याच्या घरात संध्याकाळी दिवा लावून बसलेली दोन माणसे त्याला दिसली, आणि त्यांच्यासाठी कोणी, कुठे, कसला अर्ज केला होता ते त्याला आठवेना. समोरचा पोरगा म्हणाला, “दादा, शाई संपली का?” नाही, म्हणून प्रज्ञेशने वाक्य पुरे केले. त्याला फार थकल्यासारखे वाटले.

बायका सकाळीच अपेक्षाबरोबर बाजारात गेल्या होत्या. दुपारी जेवायला आल्या आणि पुन्हा गेल्या. दापोलीचा बाजार एवढा मोठा असेल असे त्याला वाटले नव्हते. संध्याकाळी इंदुबाई परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे चुरचुरत होते. रडली असणार, प्रज्ञेशच्या मनात आले. बाजाराचे नाव करून आई कुठेतरी जाऊन रडून आली. रात्री अपेक्षाने तळलेले बांगडे वाढले, तेही त्याच्या घशाखाली नीट उतरले नाहीत. इंदुबाईंनी मात्र तीन खाल्ले.

रविवारी साडेआठला गाडी जोडून झाली. तीन बोल्ट उरले होते, ते योगेशने कागदात बांधून प्रज्ञेशच्या हातात दिले आणि सांभाळून ठेवायला सांगितले. गाडी सुरू केल्यावर आवाज येऊ लागला. हाच तो आवाज, असे योगेश समाधानाने म्हणाला.

निरोपाला पंधरावीस जण जमले होते. तात्यारावांच्या पिशवीत एक्केचाळीस अर्ज होते. गाडीत बसण्याआधी ते थबकले आणि त्यांनी गळ्यातला नवा हार काढला.

“पोरांनो, मी साहेब नाही,” ते म्हणाले. “नियंत्रक होतो, सहा वर्षांआधी घरी बसलो. बदली माह्या हातात नाही. पन हे कागद मी सोता नेऊन देईन आन् प्रत्येकाची पोच घेऊन तुमाले पाठवीन. एवढं येते मले.”

मग मंडणगडचा एक जण म्हणाला, “पोच तं आजवर कोनी आनली नाही साहेब,” आणि त्याने हार परत त्यांच्या गळ्यात घातला. प्रज्ञेशने वडिलांकडे पाहिले. चार दिवस साठवलेला राग त्याला हवा होता, पण आता तो पहिल्याइतका उरला नव्हता.

तरी उरला होता. गाडी नाक्यावर आली. डावीकडे मंडणगड, महाड, पुणे. उजवीकडे हर्णै. वेळापत्रकात डावीकडे लिहिलेले होते. प्रज्ञेशने उजवीकडे वळवली.

“मार्ग चुकला,” तात्याराव म्हणाले.

“चुकला नाही, बदलला.”

“कोनाच्या आदेशानं?”

“चालकाच्या.”

सदतीस वर्षांच्या आयुष्यात प्रज्ञेश वडिलांशी असे पहिल्यांदाच बोलला होता. पुण्याला पोचायला रात्र होईल, उद्या ऑफिसात झोप येईल, दत्तप्रसाद चार माणसांदेखत बोलतील, हे सगळे त्याला दिसत होते. दिसू दे, त्याने मनात म्हटले. आईला समुद्र दाखवल्याशिवाय मी परतीच्या गाडीत बसवणार नाही. तात्यारावांनी कागद काढला, शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवले आणि काही न लिहिता तो पुन्हा खिशात ठेवला.

हर्णैला उतारावरून गाडी खाली आली आणि समोर सगळे निळे झाले. प्रज्ञेशने गाडी वाळूच्या कडेला लावली, पळत जाऊन मागचे दार उघडले आणि इंदुबाईंना हाताला धरून उतरवले. दहा पावले त्यांना धरूनच नेले. मग तो बाजूला झाला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

इंदुबाईंनी गालावर हात ठेवला. “अगं माय,” त्या म्हणाल्या. “केवढं हे पानी. याले तं पल्याड गावच नाही.”

आवाज जरा मोठा होता, पण प्रज्ञेशच्या ते लक्षात आले नाही. त्याचे डोळे भरून आले होते. बावीस मिनिटांचा उशीर, म्हसळ्याचे गाठोडे, एक्केचाळीस अर्ज, तीन बोल्ट, सगळे फिटले असे त्याला वाटले. एवढे एक काम आपल्या हातून नीट झाले.

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण शेजारून गेली. दोन पावले पुढे जाऊन ती वळली आणि ओळखीचे हसली. “काय वो आजी, आज पण आलाव? कालचे बांगडे बरे होते ना?”

इंदुबाईंनी घाईघाईने मान हलवली. मैत्री दूरवरच्या एका होडीकडे फार बारकाईने पाहू लागली. प्रज्ञेशने एकदा कोळिणीकडे आणि एकदा आईकडे पाहिले.

“आई, तू काल इथे आली होतीस?”

“दोनदा,” इंदुबाई ओशाळून म्हणाल्या. “सकाळी एकदा आन् दुपारून एकदा. अपेक्षानं आनलं.” मग सांगायला घेतलेच आहे तर सगळे सांगावे म्हणून त्या पुढे म्हणाल्या, “आन् पयल्या दिवशी श्यामलाच्या गावी. थो सूर्य पान्यात बुडते न, थे पाह्यलं. लय मोठा होते बुडताना.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुले दाखवाचा होता न. तू सारखा उद्या नक्की, उद्या नक्की म्हनून राहिला होता. तुही हौस मोडाची नव्हती मले.”

“मी सांगणार होते,” मैत्री होडीकडे पाहतच म्हणाली. “आईंनी शपथ घातली. आणि तसंही तू फार कामात होतास.”

मदतीसाठी प्रज्ञेशने वडिलांकडे पाहिले. तात्याराव जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोर उकिडवे बसले होते. भरती कधी येते, असे त्यांनी सहज विचारले होते आणि ती रोज ठरलेल्या वेळी येते, आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटे उशिरा, आणि कधी चुकत नाही, हे ऐकून ते हरखले होते. गळ्यात हार तसाच होता. हा एवढा समुद्र वेळापत्रकाने चालतो हे आपल्याला चार दिवस कोणी सांगितले नाही, अशी तक्रार ते त्या म्हाताऱ्याकडे करत होते. आता ते काही तास तिथून उठणार नव्हते.

“प्रज्ञेश,” इंदुबाई म्हणाल्या. “तू तं आठ वर्षापासून पुन्यात आहेस. तू किती डाव पाह्यला रे समुद्र?”

हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्यानेही स्वतःला विचारला नव्हता. कामासाठी अमेरिकेला जाता येता तो दोनदा समुद्रावरून गेला होता, दोन्ही वेळा मधल्या सीटवर, झोपेत. मित्रांबरोबर अलिबागला जायचे दर वर्षी ठरायचे आणि दर वर्षी ऑफिसातल्या सॉफ्टवेअरची कुठली तरी रिलीज आडवी यायची. आईला समुद्र दाखवायचा हे त्याच्या इतके डोक्यात होते की आपणही तो पाहिलेला नाही ही गोष्ट मध्ये कुठे आलीच नव्हती.

“आजच,” तो म्हणाला.

इंदुबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. चार दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अशी ही पहिल्यांदाच आली. कपाळावर वाळलेला घाम, बोटांवर निळी शाई, शर्टाला ग्रीस. त्यांनी पदर खोचला.

“चप्पल काढ.”

त्याने काढली. गुडघे दुखत असताना त्या खाली वाकल्या आणि शाळेत पाठवताना करत तशा त्याच्या पँटच्या दोन्ही पायांना दोन दोन घड्या घातल्या. मग त्याला दंडाला धरून ओल्या वाळूत घेऊन गेल्या.

“इथं उभा राह्य. लाट परत जाते तवा पायाखालची रेती ओढून नेते, पडल्यावानी वाटते. पन पडत नाही मानूस. पयल्या दिवशी मी श्यामलाले धरलं होतं. तू मले धर.”

गाडीत त्याचा फोन वाजत होता. मैत्रीने तो ऐकला आणि मागे जाऊन गाडीची काच वर केली. लाट आली, घोट्यापर्यंत थंड पाणी चढले, आणि मग खालून वाळू सरकू लागली. प्रज्ञेशने आईचा हात घट्ट धरला.